पाद्र्यांचे पंतोजी

पुण्यात ‘पंचहौद’ म्हटलं की पुढचा शब्द ‘चहा’ असतो. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं आली. रानडे, टिळक, गोखले असे शहरातले एकाहून एक लोक तिथे होते. कोणी चहा प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान, लोकांची फजिती करण्यात हातखंडा असलेले) हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. मग ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा खटला), शंकराचार्यांचा आयोग, प्रायश्चित्तं असा तमाशा दोन वर्षं चालला. रानड्यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेऊन टाकलं.

या गोष्टीत कोणी चहा घेतला, कोणी घेतला नाही याचा हिशेब अगदी चोख मिळतो. चहा देणाऱ्यांबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ती माणसं गुरुवार पेठेत कशी येऊन पोचली, दिवसभर काय करायची, भाजीवालीशी कोणत्या भाषेत बोलायची?

मला हा प्रश्न पडायला घरचंच कारण आहे. माझी मावशी सदाशिव पेठेत राहते. १९७० पासून तीसेक वर्षं ती परदेशी फादर आणि सिस्टर्सना मराठी शिकवत होती. जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच, इंग्लिश, कोणी ना कोणी दुपारी तीनला सायकल लावून जिना चढायचं. तिच्याकडे दोनशेपानी एक वही आहे, ‘चुका’ असं वर लिहिलेली. विद्यार्थी जे जे भलतंच बोलले ते तिने तारखेनिशी टिपून ठेवलंय. एका सिस्टरने मंडईत ‘म्हातारा पालक नको, तरुण पालक द्या’ असं सांगितलं होतं. एका फादरने प्रवचनात ‘देवाचा पुत्र मेला’ म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. ‘मरण पावला म्हणायचं. मेला ही आमच्याकडे शिवी आहे,’ हा मावशीचा शेरा त्याखाली लाल शाईत आहे.

त्या वहीमुळे मला एक गोष्ट हळूहळू पटत गेली. पुण्यात आलेले मिशनरी शिकवायला आले होते खरे, पण त्यांचा बराचसा काळ शिकण्यात गेला. त्यांना शिकवणारे शास्त्री, पंतोजी, मुनशी आणि माझ्या मावशीसारख्या बायका मिशनच्या इतिहासात बहुतेक बिननावाच्याच राहिल्या.

बाणकोटहून घाट चढून

पेशव्यांच्या पुण्याला ख्रिस्ती माणूस नवा नव्हता. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये दिली, ती आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. त्या शिपायांना कोणाचा धर्म बदलायचा नव्हता, आणि पेशव्यांना त्यांच्या बंदुकांशी काम होतं.

मिशन म्हणून काम करायला आलेल्यांची गोष्ट वेगळी. ईस्ट इंडिया कंपनीला पाद्री अडचणीचे वाटत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन १८१२ मध्ये निघाले, कलकत्त्याला उतरले, तिथे सरकारने त्यांना राहू देईना, म्हणून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला आले. मुंबईच्या सरकारलाही ते नकोच होते. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट दिली आणि ही मंडळी टिकली. त्यांचंच पुढे अमेरिकन मराठी मिशन झालं.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. एल्फिन्स्टनला पुण्याच्या ब्राह्मणांची नाराजी नको होती. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढणारा हा गव्हर्नर पुण्यात पाद्री आणून बसवणार नव्हता. म्हणून १८२३ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनने सुरुवात केली ती कोकणात, बाणकोटला. घाटावर यायला १८३० चं दशक उजाडलं. जेम्स मिचेल आणि जॉन स्टीव्हन्सन हे पुण्याचे पहिले स्कॉटिश पाद्री.

तोवर या कामाची किंमत कळून चुकली होती. डोनाल्ड मिचेल नावाचा पहिला स्कॉटिश मिशनरी आला त्याच वर्षी वारला. गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबककडे दौऱ्यावर असताना पटकीने गेला. जवळची बहुतेक औषधं त्याने वाटेत आजाऱ्यांना देऊन टाकली होती. एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. बरोबर होती ती दोन मराठी पोरं. मूर्तिपूजेविरुद्ध तेरा वर्षं बोललेल्या माणसाला शेवटचा निवारा देवळाने द्यावा, हा योगायोग मिशनच्या इतिहासकारांनीही नोंदवलाय, पण जरा चाचरतच.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी केपला वळसा घालून येणाऱ्या पत्राला चार-पाच महिने लागत. घरी आई आजारी आहे असं पत्र यायचं तेव्हा ती बरी झालेली असे किंवा तिचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं असे (त्यांच्यात श्राद्ध नसतं, पण मावशी असंच म्हणते). मुलं सहा-सात वर्षांची झाली की शिक्षणासाठी मायदेशी पाठवायची, आणि परत भेटतील तेव्हा ती आपल्याला ओळखतील की नाही याची खात्री नसायची. आपल्याकडे मिशनऱ्यांवर रागाने आणि कौतुकाने भरपूर लिहिलं गेलं. या रोजच्या एकटेपणावर कमी.

दोन पुणी

पुण्याचे मिशनरी दोन गावांत राहत. रात्री कँपात, म्हणजे लष्करी छावणीत, किंवा त्याच्या कडेला बंगल्यात, दिवसा पेठांत. कँपात गोवेकर बबर्ची, भिस्ती, धोबी, हमाल असा बारदाना. पेठेत आलं की एकदम गल्ल्या, वाडे आणि वाद. चौकात उभं राहून उपदेश सुरू केला की माणसं जमायची, पण ती ऐकायला नव्हे, प्रश्न विचारायला. वाद घालणं हा पुणेकरांचा फुरसतीचा उद्योग, आणि समोर साहेब असला तर आणखीच गोडी. मुंबईला १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते आणि त्याला मेळ्यासारखी गर्दी लोटे. पुण्यात त्यासाठी बावांची गरज नव्हती. ओट्यावर बसलेला कोणीही पुरे.

वाड्याच्या आत पाद्र्याला प्रवेश नव्हता. म्हणून मडमा आल्या, आणि त्यांच्याबरोबर घरोघर जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती ‘बायबल-बाया’. विणकाम शिकवायला, वाचायला शिकवायला म्हणून त्या माजघरापर्यंत पोचत. मडमेची खुर्ची बाहेरच्या खोलीत, आणि ती उठून गेली की जागा शिंपडून घेतलेली. हे अपमान बहुतेक मडमांनी मुकाट्याने गिळले. त्यांची स्वतःची उतरंडही काही कमी नव्हती. मिशनच्या पगारपत्रकात परदेशी पाद्री आणि देशी उपदेशक यांच्यातलं अंतर सोवळ्या-ओवळ्याच्या अंतरापेक्षा लहान नव्हतं.

शाळेचं म्हणाल तर ती कथा सर्वांना माहीत आहे. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात आपली सुरू केली. सावित्रीबाई शिक्षिका होण्याचं शिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेऊन आल्या. फरारबाई १८२७ मध्ये आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. पस्तीस वर्षं. एकट्या, लग्न न केलेल्या. नगरच्या बायकांना या गोष्टीचं कोडं पडत असणार, कारण मावशीच्या विद्यार्थिनींना १९७० मध्येही सदाशिव पेठेत पहिला प्रश्न हाच येत असे: ‘मग तुमच्या घरच्यांनी जमवलं नाही का कुठे?’

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांचे मित्र बाबा पदमनजी १८५४ मध्ये झाले. दोघांची मैत्री टिकली आणि मतभेदही टिकले. पुण्यात मिशनला शाळेत विद्यार्थी भरपूर मिळाले, बाप्तिस्म्याला माणसं फार थोडी. पुण्याने पाद्र्यांकडून इंग्रजी घेतली, भूगोल घेतला, छापखान्याची कला घेतली आणि मग स्वतःच्या शाळा काढल्या. १८७४ मध्ये विष्णुशास्त्र्यांची निबंधमाला पाद्र्यांवर तुटून पडली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं.

दोन च

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो.

मराठी परक्याला कुठे अडवते? मावशीच्या मते तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे ‘च’. ‘चहा’मधला वेगळा, ‘चूक’मधला वेगळा, लिहायचे मात्र सारखेच. ‘चमचा’ या शब्दात दोन च आहेत आणि ते दोन्ही निराळे. पहिल्या दिवशी ती चमचा पुढे ठेवायची आणि पंधरा वेळा म्हणायला लावायची. जपातला ज आणि जावयातला ज हा दुसऱ्या दिवशीचा धडा.

दुसरं ठिकाण ‘आम्ही’ आणि ‘आपण’. युरोपातल्या भाषांत हा भेद नाही. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर, ‘आपण’मध्ये आत. उपदेश करणाऱ्याला याहून मोठा सापळा नाही. ‘येशूने आमच्यासाठी प्राण दिला’ असं मंडळींकडे बघून म्हटलं की मंडळींना वाटणार, तुमच्यासाठी दिला असेल, आमचं काय? आणि ‘आपण सगळे पापी आहोत’ म्हणण्याऐवजी ‘तुम्ही पापी आहात’ असं निघालं की मग ओट्यावरचे शास्त्रीबुवा सरसावून बसणार. पण प्रार्थनेत मात्र ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हेच बरोबर. तिथे बोलणं देवाशी आहे आणि देव त्या ‘आम्ही’त येत नाही. ज्या कोणा शास्त्र्याने पहिल्यांदा हे पाद्र्याला समजावून दिलं त्याने व्याकरणाबरोबर थोडं धर्मशास्त्रही शिकवलं असणार, आणि संध्याकाळी घरी जाऊन आंघोळ केली असणार.

तिसरं ठिकाण लिंग. इंग्रज आणि अमेरिकन इथे रडकुंडीला येत. जर्मन हसत, कारण त्यांच्याकडेही तो, ती, ते असतंच. मावशीचे जर्मन फादर ‘ते’ला कधी अडले नाहीत, फक्त वाटणीवरून तिच्याशी भांडत.

एकोणिसाव्या शतकात चौथं ठिकाणही होतं, मोडी. बायबल बाळबोधीत (म्हणजे आजच्या देवनागरीत), शाळेचं पुस्तक बाळबोधीत, पण वाण्याचा हिशेब, सावकाराचा कागद, पाटलाची चिठ्ठी सगळं मोडीत. बाळबोध घोटून घोटून पाठ केलेल्या साहेबाला आपल्याच किराण्याची यादी वाचता येत नसे.

ही भाषा शिकायची तर पुस्तकं हवीत, आणि ती पुस्तकं करायची तर पुन्हा शास्त्रीच हवेत. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले आदी शास्त्रीमंडळींचा मराठी कोश १८२९ चा. मोलस्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. आजही एखाद्या जुन्या शब्दाशी अडलं की आपण मोलस्वर्थ उघडतो. मोलस्वर्थ लष्करी माणूस. त्याचे मदतनीस थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ. जॉर्ज पुढे पाद्री झाला. थॉमस पुण्यात पाठशाळेवर आला आणि इतका पुणेरी झाला की त्याने मराठीला विरामचिन्हं लावायला शिकवली. १८५२ च्या १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात जोतीरावांना शालजोडी दिली गेली तीही याच मेजर कँडीच्या हस्ते. मी हा लेख लिहिताना टाकलेला प्रत्येक स्वल्पविराम थोडाफार त्याच्या खात्यावर आहे.

परक्यांसाठी इंग्रजीतून मराठीचं भक्कम व्याकरण लिहिलं ते मात्र मराठी माणसाने. गणपतराव नवलकर हे स्वतः ख्रिस्ती पाळक. १८६८ चं त्यांचं पुस्तक पुढच्या पिढ्यांच्या मिशनऱ्यांच्या उशाशी होतं. पंतोजींपैकी ज्याचं नाव मुखपृष्ठावर आलं असे हे विरळा.

उन्हाळ्यात पाद्री महाबळेश्वर-पाचगणीला जायचे. नव्यांची मराठीची शिकवणी तिथेही सुटत नसे. धुक्यात शाल पांघरून ‘मी जातो, तू जातोस’ चालायचं. यावरून मावशीची आणखी एक नोंद. एक सिस्टर रोज निघताना ‘जाते’ म्हणायची. मावशीच्या सासूबाई आतून ओरडायच्या, ‘जाते काय म्हणतेस बाई, येते म्हण!’ सिस्टरला वाटायचं आपलं व्याकरण चुकलं. तिने वहीत येणे आणि जाणे ही दोन्ही क्रियापदं सगळ्या काळांत चालवून आणली होती. बिचारी.

वाँटेज

पंचहौदला चहा ज्या मिशनमध्ये झाला ते काऊली फादर्स या अँग्लिकन संघाचं. त्यांच्या चर्चवरच्या मनोऱ्यात इंग्लंडमध्ये ओतलेल्या आठ घंटा आहेत. तिथल्या सिस्टर्स ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावातल्या मठाच्या. १८७७ मध्ये त्या पुण्यात आल्या.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि त्या पुस्तकाच्या पैशांवर १८८३ मध्ये इंग्लंडची वाट धरली. वाँटेजच्या मठात त्यांची सोय झाली. कशाच्या बदल्यात? पुण्याला जाणाऱ्या सिस्टर्सना त्यांनी मराठी शिकवायची. म्हणजे पाद्र्यांचा पंतोजी या वेळी स्वतःच बोटीत बसून गेला.

तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. पण त्यांनी मठाला सुखाने झोपू दिलं नाही. शाकाहार सोडला नाही. पुडिंगमध्ये अंडं असतं म्हणून पुडिंग नको. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का? आमची संस्कृत काय वाईट? मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यातली ही पत्रं वाचताना मला हसूही येतं आणि अभिमानही वाटतो. परदेशात परधर्मीयांच्या घरी राहून आपलं ताट आणि आपली अक्षरं सांभाळणं काय असतं हे इंग्लंडमध्ये रमाबाईंनी भोगलं. त्याच मठातून निघालेल्या बायका तेव्हा पुण्यात तेच भोगत होत्या. दोन्हीकडे भांडण अन्नाचं आणि भाषेचं होतं. ख्रिस्ताचं नाव त्यात नंतर यायचं.

चहाच्या प्रकरणानंतर महिन्याभरात, नोव्हेंबर १८९० मध्ये, रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून पुण्याने पाठ फिरवली, आणि दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी दौंडच्या रेल्वेरस्त्यावर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून बायका तिथे कामाला आल्या. इतर मिशनमध्ये साहेब वर आणि देशी माणूस खाली. केडगावला साहेबाच्या जागी एक मराठी विधवा, आणि मडमा तिच्या हाताखाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं. त्याचे खिळे केडगावच्या बायकांनीच जुळवले. त्या १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

बोध घ्यायला आलेले

विसाव्या शतकात हवा बदलली. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त गायला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यस्त झाले. पगारपत्रकातलं ते अंतर त्यांना आयुष्यभर सलत होतं. त्यांच्या ‘देवाच्या दरबारा’ची, म्हणजे ख्रिस्ताच्या अनुयायांच्या बंधुसंघाची, कल्पना पाहून जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला नगरला ख्रिस्त सेवा संघ (पुढचा ख्रिस्त प्रेम सेवा संघ) काढला. दशकाच्या अखेरीस संघाचा आश्रम पुण्यात, भांबुर्ड्याला म्हणजे आजच्या शिवाजीनगरला आला. खादी, जमिनीवर मांडी, हाताने जेवण, मांस नाही. पंचहौदला टेबलावर कप मांडले त्याला चाळीस वर्षंही झाली नव्हती.

याच आश्रमात १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरिअर एल्विन आला. तो गांधींच्या नादी लागला, तशी सरकारची नजर त्याच्यावर पडली. शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राबरोबर तो १९३२ मध्ये गोंडांत राहायला गेला. त्याच वर्षी इंग्लंडला गेला तर परत येऊ देईनात. राजकारणात पडणार नाही असं लिहून दिल्यावरच परवानगी मिळाली. पुढे त्याने पाद्रीपणही सोडलं. परदेशी सेवकाच्या आयुष्यात देवाइतकाच पासपोर्टही महत्त्वाचा, हे जर्मनांना आधीच कळलं होतं. पहिल्या महायुद्धात मुंबई-पुण्याच्या जर्मन जेझुइटांना (हा कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) एका रात्रीत शत्रूचे नागरिक ठरवून स्थानबद्ध केलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात पुरंदर किल्ल्यावर जर्मन कुटुंबं ठेवली होती.

अभ्यास करणाऱ्यांची एक वेगळीच रांग आहे. निकोल मॅक्निकोल पुण्यात राहिले आणि १९१९ मध्ये संतांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरं काढली. जस्टिन अ‍ॅबट नोकरी संपवून अमेरिकेला परतले आणि तिथे बसून महिपतींचं भक्तविजय वगैरे इंग्रजीत नेत राहिले. गी दल्युरी हे फ्रेंच जेझुइट दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेले. त्यांचा विठोबावरचा ग्रंथ १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने छापला. फ्रान्सहूनच आलेल्या गी पॉइटवाँ यांनी हेमा राईरकरांबरोबर जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. फादर मॅथ्यू लेदर्ले हे जर्मन. त्यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन उभं केलं. शनिवार पेठेत! जिथे शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वसुरींना ओट्यापर्यंत येऊ दिलं नसतं, तिथे ते व्याख्यानांना पुणेकर गोळा करून बसत. ते १९८६ मध्ये गेले.

धर्मप्रसाराचं काय झालं, असं कोणी विचारेल. १९५६ मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल आला, वाद पेटला, आणि परदेशी मिशनऱ्यांना नवे व्हिसा मिळणं अवघड होत गेलं. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि जुन्या प्रॉटेस्टंट मिशनांची कामं देशी माणसांच्या हाती गेली. नगर रोडवरच्या पेपल सेमिनरीत (ती १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली) आज शिकणारे बहुतेक सगळे भारतीयच.

मावशीच्या शिकवणीतही हे दिसत होतं. १९७० मध्ये आठवड्याला सात-आठ विद्यार्थी, १९९५ मध्ये दोन, मग एक म्हाताऱ्या सिस्टर नुसत्याच गप्पा मारायला येणाऱ्या.

चहाचं राहिलंच. १९७० मध्ये पहिला जर्मन फादर शिकायला आला तेव्हा मावशीच्या सासूबाईंनी त्याच्यासाठी वेगळा कप काढला. घरातले सगळे कप पांढरे, त्याचा निळ्या फुलांचा. तो विसळून वेगळ्या कोनाड्यात पालथा ठेवायचा. फादरला वाटलं हा पाहुण्याचा मान. तो दर वेळी कपाचं कौतुक करायचा आणि मावशी खाली मान घालायची. चार-पाच वर्षांनी केव्हातरी तो कप बाकीच्यांत मिसळला. कोणी मिसळला ते घरात कोणीच सांगत नाही. सासूबाई तेव्हा हयात होत्या आणि स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात होतं, एवढं खरं.

दोन वर्षांपूर्वी मावशीकडे एक तरुण सिस्टर निरोप घ्यायला आली. नगर जिल्ह्यातली, घरची मराठीच. तिच्या संघातल्या एका जुन्या सिस्टर मावशीच्या विद्यार्थिनी होत्या, ती ओळख. ही जर्मनीला चालली होती, तिथल्या वृद्धाश्रमात सेवेला. मावशीने तिला एक कोरी दोनशेपानी वही दिली आणि वर ‘चुका’ लिहायला सांगितलं.

आता दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल येतो. थंडी, बस, आजीआजोबांच्या तक्रारी. परवा जेवणाच्या टेबलाचे शब्द झाले.

‘मावशी, इथे चमचा तो,’ ती म्हणाली, ‘पण काटा ती आणि सुरी ते.’

मावशीने चष्मा नीट केला. ‘काटा ती?’

‘हो.’

‘आणि ताट?’

‘तो.’

‘ताट तो?’ मावशीला हे काही पटलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी त्या जर्मन फादरने ताटाला तो म्हणत घातलेला वाद तिने आपल्या वहीत चूक म्हणून टिपलेला आहे. ते पान शोधायला तिने मला माळ्यावर चढवलं.